वर्धा टाळून

मधुसूदनराव पांढरीपांडे यवतमाळच्या कोषागारातून निवृत्त झाले, तेव्हा निरोप समारंभात बोलायला उभ्या राहिलेल्या प्रत्येकाने एकच गोष्ट सांगितली: या माणसाने उभ्या नोकरीत एकही नियम मोडला नाही. काहींनी ते कौतुकाने सांगितलं. बाकीच्यांची बिलं त्यांनी कधी ना कधी परत पाठवलेली होती.

अशा माणसाला मे महिन्यातल्या एका गुरुवारी मुलीचा पुण्याहून फोन आला, की बाबा, नागपूरहून एक बाटली आणायची आहे.

"कसली बाटली?"

"वाईनची. दारू नाही, बाबा. वाईन."

"कायद्यात काय म्हणतात तिला?"

केतकी गप्प झाली. या दोघांमध्ये गप्प होणं काही नवीन नव्हतं. दिवाळीच्या आधी तिने सांगितलं होतं की ती बादल राठोडशी लग्न करणार. बादल हा फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यावरच्या किसनसिंग राठोडांचा मुलगा. द्राक्षशेतीचं शिकून अर्जेंटिनातल्या एका डोंगरी मळ्यात कामाला लागलेला. मधुसूदनरावांनी होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. 'बघू' म्हटलं होतं. कोषागारात 'बघू' म्हणजे फाईल खालच्या कप्प्यात, हे केतकी लहानपणापासून ऐकत आली होती. शेवटी रजनीताईंनीच ती फाईल वर काढली. नवऱ्याला न विचारता त्यांनी बादलच्या आईला, जमनीबाईंना, फोन केला आणि राठोड मंडळींना रविवारी संध्याकाळी जेवायला बोलावलं.

आता त्यात ही बाटली. बादलच्या मळ्याची मालकीण ऐंशीच्या घरातली म्हातारी होती. मळा आपल्या चिखलदऱ्याच्या दुप्पट उंचीवर. तिथल्या वेली तिच्या पणज्याने लावलेल्या, शंभरी ओलांडलेल्या, बुंधे पीळ भरलेल्या बाभळीसारखे. एवढ्या म्हाताऱ्या वेलींना घोस धरतात ते मोजके, आणि त्यांची लाल वाईन म्हणजे, बादलच्या म्हणण्याप्रमाणे, तलम काम. म्हातारी ती बाहेर विकत नसे. बादलचं लग्न ठरतंय कळल्यावर तिने आपणहून एक बाटली काढून दिली आणि अट घातली: दोन घरं जोडली जातात तेव्हा दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी पहिला घोट घ्यायचा, आणि तो मला फोनवर बघायचा आहे. बादलचा मित्र साकेत सुटीवर येताना ती नागपूरपर्यंत घेऊन आला होता.

"आणि बाबा," केतकी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम सपाट झाला, "हे लग्न नको असेल तर सरळ सांगा. पण बाटली फुटली, हरवली, पोलिसांनी धरली, असलं काही मला सांगू नका. मी काय समजायचं ते समजेन."

मधुसूदनरावांनी नोकरीत पुष्कळ जणांना कारणे दाखवा नोटीस दिली होती. मिळाली मात्र ही पहिलीच.

रजनीताई म्हणाल्या, "त्यात काय? सकाळी जा, दुपारी या." सरळ उत्तर होतं. पण सरळ उत्तरावर थांबतील तर ते शेजारी कसले? भिंतीपलीकडे अॅडव्होकेट संघदीप खोब्रागडे राहत. वय पस्तिशीचं, वकिली बेताची, पण कायद्यावर प्रेम अमाप. ते गच्चीवरूनच बोलले.

"काका, बाटली आणणं सोपं आहे. पण मधात वर्धा येते ना!"

मधुसूदनरावांनी हातातला चहा खाली ठेवला. नागपूर ते यवतमाळ हा सगळा रस्ता वर्धा जिल्ह्याच्या पोटातून जातो, आणि वर्ध्यात दारूबंदी. त्या रस्त्याने ते आयुष्यभर गेले-आले होते, पण हा रस्ता आपल्याला गुन्हेगार करू शकतो हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

"परवाना काढला तर?"

"परवाना काढाच. पण बंदीच्या जिल्ह्यातून नेता येते का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते," संघदीप आनंदाने म्हणाले. "मी दोन्ही बाजूंनी बोलून दाखवू का?"

"अमरावतीकडून आलो तर?"

"तळेगाव लागते. तेही वर्ध्यातच."

संघदीपांनी मोबाईलवर नकाशा उघडला. वर्धा जिल्हा मधोमध असा बसला होता, जसा सार्वजनिक नळावर एखादा माणूस बसतो. मग संघदीपांचं बोट उजवीकडून फिरत फिरत खाली आलं. उमरेड, भिसी, चिमूर, वरोरा, वणी, मारेगाव, करंजी, जोडमोहा. दुप्पट रस्ता, पण वाटेतल्या शेजारच्या जिल्ह्यातली बंदी उठून गेलेली, आणि वर्धा जिल्ह्याला कुठेही बोट लागत नव्हतं.

"एवढं कोणी करत नाही, काका," संघदीप म्हणाले. "लोक डिकीत टाकतात अन् येऊन जातात."

हे वाक्य त्यांनी मधुसूदनरावांना परावृत्त करण्यासाठी उच्चारलं होतं. परिणाम उलटा झाला.

शुक्रवारी मधुसूदनराव परवान्यासाठी गेले. अर्ज भरताना शेजारच्या रांगेतून त्यांच्याच हाताखाली काम केलेला एक इसम डोकावला, त्याने अर्जावरचं शीर्षक वाचलं आणि अतिशय हळुवारपणे म्हणाला, "सर... तुम्हीसुद्धा?" मधुसूदनरावांना सगळं समजावून सांगायचं होतं. पण त्यासाठी अर्जेंटिनापासून सुरुवात करावी लागली असती. ते "हो" म्हणाले. त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते त्यांना पुढे कित्येक तास दिसत राहिलं.

उन्हाचा प्रश्न समोरच्या डॉक्टर श्रावण ढोल्यांनी सोडवला. बादलने बजावलं होतं की बाटली तापता कामा नये, हलता कामा नये, आणि फ्रीजमध्ये गारठताही कामा नये. बाहेर पारा पंचेचाळिसाला टेकलेला. ढोले डॉक्टर जनावरांचे. त्यांनी घरातून एक जाड भिंतींचा निळा डबा आणला. "बर्फ खाली, वर गोणपाट, त्याच्यावर बाटली. गाईच्या लसी मी यातून थेट झरीपर्यंत नेल्या. एक खराब झाली नाही." डब्यावर ठळक अक्षरांत 'लाळ्या-खुरकूत लस' असं लिहिलेलं होतं. मधुसूदनरावांना ते खटकलं, पण उपकाराच्या वस्तूवरचं लिखाण कसं खोडणार?

शनिवारी उजाडताच मधुसूदनराव आणि संघदीप निघाले. जाताना वर्ध्यावरूनच गेले, कारण जाताना ते निर्दोष होते. साकेतने बाटली हातात दिली तेव्हा मधुसूदनरावांनी ती दोन्ही हातांनी घेतली. गडद काच, साधं पांढरं लेबल, त्यावर शाईने काढलेला एक वाकडा वेल. डबा मागच्या सीटवर ठेवून त्यांनी त्याला पट्टा बांधला, आणि पट्टा नीट बसला का हे स्वतः ओढून पाहिलं.

उमरेडच्या पुढे गाडीचा एसी बंद पडला. दोघांनी काचा खाली केल्या, आणि भट्टीचं दार उघडावं तसा वारा आत आला.

"थांबून सावलीत बसू का जरा?" संघदीपांनी विचारलं.

"बर्फ थांबणार आहे का?" मधुसूदनराव म्हणाले.

तरी भिसीला चहासाठी थांबावंच लागलं, कारण संघदीपांचे डोळे मिटू लागले होते. डबा गाडीत तापू नये म्हणून मधुसूदनरावांनी तो टपरीच्या बाकावर, आपल्या मांडीला लावून ठेवला. चहा यायच्या आत एक शेतकरी समोर उभा राहिला.

"डॉक्टरसायेब, आमच्या बैलाच्या तोंडाले फेस येऊन राह्यला. घर इथंच हाय, पाच मिनटं."

"मी डॉक्टर नाही," मधुसूदनराव म्हणाले.

"मंग लस कायले घेऊन फिरता?"

"यात लस नाही."

"सायेब घाईत आहेत," संघदीप मध्ये पडले. हे म्हणजे साहेब आहेत हे कबूल करणं झालं. आणखी दोघे आले. एकाची गाय आठ दिवसांपासून लंगडत होती. दुसऱ्याची काहीच तक्रार नव्हती, पण सरकारी माणसं कशी उडवाउडवीची उत्तरं देतात हे त्याला सगळ्यांना ऐकवायचं होतं. "पगार घेता ना? मंग बैल पाहाले काय होते?" आवाज चढले. कोणीतरी डब्याला हात घातला. डबा ओढाताणीत पडला तर बाटली गेली, आणि बाटली गेली तर केतकी गेली. त्यांनी डबा छातीशी घट्ट धरला आणि ओरडले, "यात लस नाही! हे पहा!" आणि झाकण उघडलं.

गर्दी वाकून पाहू लागली. गोणपाटावर, बर्फाच्या वाफेत, बाटली शांत पहुडली होती.

मग लंगड्या गाईचा मालक हताशपणे म्हणाला, "घ्या. ढोरायच्या डब्यात दारू."

एकाने मोबाईल वर धरला. मधुसूदनराव उभे राहिले, त्यांनी सदरा खाली ओढला, आणि पेन्शनरांच्या सभेत बोलावं तशा आवाजात म्हणाले, "हे मद्य परवानाधारक आहे." त्यांना म्हणायचं होतं की परवाना त्यांच्याकडे आहे. तोवर संघदीपांनी गाडी सुरू केली होती. पुढे कितीतरी वेळ मधुसूदनराव रस्त्याकडे बघत एकच हिशेब करत होते, की तो व्हिडिओ कुणाकुणाकडे जाईल. बैलाचंही वाईट वाटत होतं. चिमूर आलं तेव्हा त्यांनी ढोले डॉक्टरांना फोन करून भिसीच्या एका बैलाच्या तोंडाला फेस येतो एवढं कळवून टाकलं.

वरोरा मागे पडलं आणि दूर पाण्याची एक रेघ चमकली. मधुसूदनराव ताठ बसले. "ही कोणती नदी?"

संघदीपांनी मोबाईलवरचा नकाशा मोठा करून पाहिला. "वर्धा."

मधुसूदनरावांनी मागे वळून डब्याचा पट्टा पुन्हा ओढून पाहिला.

"नदीत दारूबंदी नाही, काका," संघदीप म्हणाले, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

पुलाच्या तोंडाशी लोखंडी अडथळे लावून तपासणी चालू होती. घामाने भिजलेल्या जमादारांनी हात दाखवला आणि मागच्या सीटकडे वाकून पाहिलं. "लस हाय काय?"

संघदीपांचा 'हो' ओठांवर आला होता. मधुसूदनराव आधी बोलले. "नाही. वाईन आहे."

जमादारांनी परवाना पाहिला, बाटली पाहिली, दोन्ही परत केली. काही अडचण नव्हती. अडथळा बाजूला करता करता त्यांनी सहज विचारलं, "कुठून आले?"

"नागपूर."

"अन् चालले कुठं?"

"यवतमाळ."

जमादारांचा हात थांबला. त्यांनी सूर्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, मग मधुसूदनरावांकडे. "मंग इकडं काहून?"

"वर्धा टाळून आलो."

"काहून? काय केलं तुम्ही वर्ध्यात?"

"काही केलं नाही. करायला लागू नये म्हणूनच टाळलं!"

"मी वकील आहे," संघदीप म्हणाले.

जमादारांनी मान डोलावली. "वकील संगं आणला म्हणजे काहीतरी असनच. उतरा, सायेब येतपर्यंत बसा."

तंबूच्या सावलीत दोन खुर्च्या होत्या. मधुसूदनराव खुर्चीच्या काठावर बसले. आयुष्यात पहिल्यांदा ते पोलिसांपुढे बसले होते, तेही काही न करता. डब्यातून पाणी ठिबकू लागलं होतं. प्रत्येक थेंबागणिक त्यांना वाटायचं, त्या पणज्याने एवढ्या उंचीवर वेल लावला तो काय आपल्या हातून या पुलावर उकळायला? शेवटी ते उठले आणि जमादारांना म्हणाले, "मला बसवा. पण हिला त्या रांजणाजवळ ठेवू द्या." जमादारांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि स्वतःच डबा उचलून रांजणाच्या ओल्या वाळूत टेकवला.

साहेब आले. तरुण होते. त्यांनी सगळं ऐकलं, नकाशा पाहिला, पुन्हा ऐकलं. "कोणासाठी आहे म्हणालात?"

"मुलीच्या सासरच्या मंडळींसाठी. होणाऱ्या."

"मुलीचा नंबर द्या."

सगळ्या जगाला केलेला फोन मधुसूदनरावांना चालला असता, पण तो एक नको होता. नंबर सांगताना एकदा अडखळले. साहेबांनी फोन लावून मोठा आवाज केला.

"ताई, तुमचे वडील एक बाटली घेऊन आमच्याकडे बसले आहेत."

पलीकडून केतकीचा थंड आवाज आला. "पोलिसांनी धरलं का? छान."

"धरलं नाही, बसवलं आहे," मधुसूदनराव घाईने म्हणाले. "बाटली सुरक्षित आहे, केतू. रांजणाजवळ आहे."

"कुठे आहात तुम्ही?"

"वणीच्या अलीकडे. पुलावर."

"वणी? नागपूरहून येताना वणी कुठून आली?"

मधुसूदनरावांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनीच सांगितलं. "ताई, यांनी एका बाटलीसाठी अख्खा वर्धा जिल्हा चुकवला आहे. उमरेड, चिमूर करत, बिना एसीच्या गाडीत. माझ्या नोकरीत लोक आम्हाला चुकवताना पाहिले. गुन्हा चुकवणारा पहिल्यांदाच पाहून राह्यलो. यांना कोणत्या कलमाखाली बसवायचं ते मला समजत नाही."

केतकीचा आवाज आला तेव्हा त्यात मघाचा थंडपणा नव्हता.

"बाबा," केतकी म्हणाली, "पाणी प्यायलात का?"

मधुसूदनरावांनी मान हलवली. फोनवर ती दिसत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. जमादारांनी पेला भरून त्यांच्या हातात दिला.

रविवारी संध्याकाळी किसनसिंग आणि जमनीबाई आले. किसनसिंग उंच, पांढऱ्या फेट्याचे, आल्यापासून खुर्चीत अवघडून बसलेले. जमनीबाईंच्या हातभर बांगड्या वाजत होत्या आणि तेवढाच आवाज खोलीत होता. सकाळीच पुण्याहून आलेली केतकी स्वयंपाकघरातून डोकावून जात होती. टेबलावर मध्यभागी बाटली, आणि शेजारी स्टीलची फुलपात्रं, कारण काचेच्या सहाही ग्लासांवर साबणाच्या कंपनीचं नाव होतं.

फोन डाळीच्या डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर बादल आला आणि त्याच्या बाजूला काळी शाल घेतलेली म्हातारी. मागे उघडे तपकिरी डोंगर. तिकडे सकाळ होती.

बूच काढायचं यंत्र घरात नव्हतं हे सगळ्यांना एकदमच आठवलं. एक लाकडी स्क्रू आणि पक्कड आली. मधुसूदनरावांनी स्क्रू फिरवून पकडीने ओढलं. बूच अर्धं वर येऊन मोडलं. पडद्यावर म्हातारीने गळ्यातल्या क्रॉसला हात लावला. केतकी दारात खिळून राहिली. तेव्हा किसनसिंग उठले, पक्कड घेतली, बाटली गुडघ्यांत धरली आणि बैलगाडीचा गंजका खिळा काढावा तसं उरलेलं बूच एका दमात बाहेर काढलं. टाळ्या इकडे आणि तिकडेही वाजल्या.

दोन फुलपात्रांत वाईन ओतली. एक मधुसूदनरावांपुढे, एक किसनसिंगांपुढे. म्हातारीने आपला पेला उचलला आणि वाट पाहू लागली.

कोणीच हलेना.

किसनसिंग मधुसूदनरावांच्या कानाशी झुकले. "सायेब, मोठी अडचण हाय. आमी सेवालाल महाराजाचे. दारूले शिवत नाही. तांड्यावरच्या भट्ट्या म्या सोताच्या हातानं फोडल्या. पोराच्या लग्नाचं होतं म्हणून काल रातपासून गप हाव. म्हटलं, शहरातल्या मोठ्या लोकायत चालत असन."

"आमच्यात?" मधुसूदनराव पुटपुटले. "मी आयुष्यात..." आणि तिथेच थांबले. कारण त्यांनाही वाटलं होतं की तांड्यावर चालत असेल. हे वाक्य त्यांनी गिळलं. त्या संध्याकाळी त्यांनी गिळलेली कडू गोष्ट ती एवढीच.

दोघे वडीलधारे समोरासमोर फुलपात्र धरून बसले. म्हातारीच्या कपाळावर आठी पडली. बादल तिकडे काहीतरी समजावू लागला. केतकीचे डोळे भरून येऊ लागले. मधुसूदनरावांनी डोळे मिटले आणि फुलपात्र उचललं. नियम मोडायचाच तर आज, असं त्यांनी ठरवलं होतं.

बांगड्या वाजल्या. जमनीबाईंनी त्यांच्या हातातून फुलपात्र काढून घेतलं.

"तिकडं बाईच हाय ना?" त्या म्हणाल्या. "मंग इकडं माणसं कायले? वडीलधारी आमी नाही काय?" दुसरं फुलपात्र त्यांनी रजनीताईंच्या हातात दिलं. "घ्या, ताई."

"जमने," किसनसिंग म्हणाले, "महाराज..."

"महाराजाले मी सांगतो. एक घोट हाय."

रजनीताईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. म्हातारीकडे पाहिलं, आणि प्यायल्या. रजनीताईंनी घोट तोंडात घोळवला, छताकडे पाहिलं.

"जांभूळ," त्या म्हणाल्या. "पण जांभूळ खाल्ल्यावर जीभ जड होते तशी नाही होत. मागून गुलाबासारखं काहीतरी येतं."

"चार," जमनीबाई म्हणाल्या. "रानातली पिकली चार, जिच्यातून चारोळी निघते ते फळ. अन् दगड. नदीतला गोटा उन्हात तापते ना, त्याच्यावर पाणी टाकलं का येते तसा वास."

बादलने ते म्हातारीला तिच्या भाषेत सांगितलं. दगडाचं ऐकल्यावर म्हातारीने शालीचं टोक डोळ्यांना लावलं आणि मागच्या डोंगराकडे बोट केलं. मग तिने एका दमात आपला पेला रिकामा केला. जमनीबाईंनी महाराजांना कळवलेला एक घोट संपला होता. त्यांनी दुसऱ्याचं कळवलं नाही.

जेवणं झाली. बायका फोन घेऊन दिवाणखान्यात बसल्या. जमनीबाईंनी केतकीला जवळ ओढून तिच्या केसांवरून हात फिरवला. "आमच्यात पोरगी निघते तवा ढावलो म्हणते. रडत रडत, याडीच्या, म्हणजे मायच्या, गळ्यात पडून. तुले कोण शिकवन?" आणि त्यांनी डोळे मिटून गळा काढला. लांब, चढता, मध्येच फाटणारा सूर. शब्द कोणालाच कळले नाहीत आणि कळायची गरजही पडली नाही. रजनीताईंनी तोंडाला पदर लावला आणि ओक्साबोक्शी रडू लागल्या. केतकी आईच्या गळ्यात पडली. फोनवरची म्हातारी रडू लागली. किसनसिंग फेट्याच्या शेवाने डोळे पुसू लागले. मधुसूदनराव उठून आत जायला निघाले, दारापर्यंत पोचले, आणि तिथेच चौकटीला धरून उभे राहिले, कारण पुढचं दिसत नव्हतं.

असा आकांत कॉलनीत कधी ऐकू आला नव्हता. ढोले डॉक्टर धावत फाटकाशी आले. संघदीप तर भिंतीवरूनच उडी मारून अंगणात उतरले, बनियनवरच.

"काका!" ते धापा टाकत म्हणाले. "काय झालं? मोडलं काय?"

मधुसूदनरावांनी चौकटीवरून हात काढून सदऱ्याच्या बाहीने चेहरा पुसला.

"नाही रे," ते म्हणाले. "जमलं."